गुणगौरव कोणाचा आणि कशासाठी?

परीक्षांचे निकाल लागून शाळा पुन्हा भरू लागल्या, की गावोगावच्या आपल्या संस्थांतून विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाची तयारी सुरू होते. बडोदे असो, इंदूर असो, बेळगाव असो वा फोंडे. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरल्या जातात, ध्वनिक्षेपकाची खरखर ऐकू येऊ लागते, आणि चांगले गुण मिळविणाऱ्या मुलामुलींच्या हाती श्रीफळ, फूल व एखादे पुस्तक देऊन त्यांचे कौतुक केले जाते. या प्रथेत अलीकडे एक स्वागतार्ह भर पडली आहे. केवळ गुणपत्रिका न पाहता, वर्गाच्या चार भिंतींबाहेर ज्यांनी काही करून दाखविले, अशा हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचाही आता सत्कार होऊ लागला आहे. कोणी क्रीडांगणावर नाव मिळविले, कोणी वक्तृत्वात. कोणी बालवीर पथकाचा नायक झाला, तर कोणी राष्ट्रीय छात्रसेनेच्या तुकडीचे संचलन केले. मानपत्रांतून 'नेतृत्व' हा शब्दही वारंवार वाचावयास मिळतो.

या गोष्टीचा आम्हांस आनंदच आहे. तथापि गौरव करणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. ज्या गुणाचा आपण चारचौघांत सत्कार करतो, तो गुण आपणांस हवा आहे, असे आपण समोर बसलेल्या सर्व मुलांना सांगत असतो. एका मुलाच्या गळ्यात हार पडतो आणि शंभर मुले मनाशी काही ठरवून घरी जातात. म्हणून हार घालण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी स्वतःला दोन प्रश्न विचारणे अवश्य आहे. हा गौरव कोणाचा? आणि कशासाठी? आमचे शिक्षण हायस्कुलापलीकडे गेलेले नाही, आणि शास्त्राचा अधिकारही आम्ही सांगत नाही. परंतु पौरोहित्य चालणाऱ्या घरात वाढल्यामुळे देवळातील समारंभ जवळून पाहिले आहेत. त्या पाहण्यातून जो विचार सुचला, तो सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम दोन आक्षेपांचा परामर्श घेतला पाहिजे. कित्येक पालक म्हणतात, की विद्यार्थ्याचा धर्म एकच, तो म्हणजे अध्ययन. वर्गाबाहेरच्या उद्योगांना उत्तेजन दिले, तर पोरे अभ्यास सोडून पुढारपण करीत फिरतील. ही भीती अगदीच निराधार आहे असे नव्हे. परंतु अध्ययन केवळ गुरूच्या समोर बसूनच होते, असे आपल्या पूर्वजांनी कधीच मानलेले नाही. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा आठवावी. गुरूने त्याला आश्रमात घेतले आणि लगेच चारशे रोड, अशक्त गाई त्याच्या स्वाधीन केल्या. या हजार होईपर्यंत परतणार नाही, असे म्हणून तो मुलगा त्या घेऊन रानात गेला. कित्येक वर्षे तो रानात राहिला, आणि ब्रह्मविद्येचा पहिला पाठ त्याला मिळाला तो बैलाकडून, अग्नीकडून, हंसाकडून आणि एका पाणपक्ष्याकडून. तो परत आला, तेव्हा त्याचे मुख पाहूनच गुरूने ओळखले, की याला काही कळले आहे. गाई राखणे हा त्याच्या शिक्षणातला खंड नव्हता. ते शिक्षणच होते.

अर्वाचीन काळात हीच गोष्ट कर्मवीर भाऊराव पाटलांनी करून दाखविली. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपल्याच हाताने करीत. 'कमवा आणि शिका' ही त्यांची योजना पुढे महाराष्ट्रभर गाजली. ज्या मुलाने शेजारच्या जातीच्या मुलाबरोबर बसून भाकरी खाल्ली, त्याला समतेवरचा धडा पाठ करण्याची गरज उरली नाही. तेव्हा वर्गाबाहेरचे कार्य हे अध्ययनाचे शत्रू आहे, हा आक्षेप टिकत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यामध्ये कठोर भिंत नसावी, असेच म्हटले आहे.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. सत्कर्म निरपेक्षपणे करावे, फळाची आशा धरू नये, अशी आपली शिकवण. मग जे कोवळे मूल निरपेक्ष बुद्धीने काही चांगले करते, त्याच्यापुढे ढाल आणि प्रशस्तिपत्रक ठेवून आपण त्याला फळाची गोडी का लावावी? आज सेवा केली म्हणून शाल मिळाली. उद्या शाल मिळेल म्हणून सेवा होईल. आणि परवा शाल मिळणार नसेल, तर सेवाही होणार नाही. हा धोका खरा आहे. आजकाल काही घरांतून प्रशस्तिपत्रकांची जाडजूड धारिका तयार करण्याचा जणू व्यवसायच चालतो. झाड लावले की छायाचित्र, रुग्णालयात फळे वाटली की छायाचित्र. झाड जगले की नाही आणि रुग्ण बरा झाला की नाही, याची चौकशी करण्यास मात्र कोणी जात नाही.

तरीही आम्हांस असे वाटते, की या आक्षेपाचे उत्तर देवळातच सापडते. नैवेद्य दाखविल्यानंतर जो प्रसाद हाती येतो, ती काही पूजेची मजुरी नव्हे. ज्याने पूजा केली त्यालाही प्रसाद मिळतो, आणि जो उशिरा येऊन खांबाशी उभा राहिला त्यालाही मिळतो. प्रसाद एकट्याने खाण्याची वस्तू नसून वाटून घेण्याची आहे. गौरव जर मजुरीसारखा दिला, तर तो मुलाला लोभी करील. प्रसादासारखा दिला, तर तो सर्व सभेला पावन करील. मजुरी देणारा म्हणतो, 'तू काम केलेस, हे तुझे दाम.' प्रसाद देणारा म्हणतो, 'जे घडले ते चांगले घडले, त्यात आपण सर्वजण भागीदार होऊ.' म्हणजेच गौरव ही चांगल्या कर्माची समाजाने दिलेली साक्ष आहे, आणि साक्षीदाराने जसे खरे बोलावे, तसेच गौरव करणाऱ्यानेही बोलले पाहिजे. उगाच कोणाला थोर म्हणू नये, आणि थोर काम डोळ्यांसमोर घडले असता मौनही धरू नये.

आता नेतृत्वाकडे वळू. मराठीत 'पुढारी' हा एक शब्द आहे आणि 'नेता' हा दुसरा. पुढारी म्हणजे जो पुढे असतो तो. नेता हा शब्द 'नी' या धातूपासून आला. त्याचा अर्थ घेऊन जाणे. केवळ पुढे चालणारा माणूस मागे कोणी उरले की नाही, हे पाहीलच असे नाही. घेऊन जाणाऱ्याला मात्र मागे पाहावेच लागते. शाळेत ज्याच्या छातीवर नायकाचा बिल्ला असतो तो पुढारी खरा, पण तो नेता आहे की नाही, हे बिल्ल्यावरून कळत नाही.

महाप्रसादाच्या पंगतीत हा भेद स्पष्ट दिसतो. हायस्कूलची दहावीस मुले वाढपाला उभी असतात. तुपाचे भांडे घेऊन फिरणारा सर्वांच्या नजरेत भरतो. यजमान त्याला नावाने हाक मारतात. पण कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीच्या पानावर भात पोहोचला नाही, हे एखाद्याच मुलाच्या ध्यानात येते. तो स्वतः धावत नाही. जवळच्या मित्राला खूण करतो, दुसऱ्याला पाण्याकडे पाठवितो, आणि पंगत उठल्यावर उष्टी काढण्यास स्वतः प्रथम वाकतो, म्हणून इतरही वाकतात. आमच्या मते त्या पंगतीचा नेता तो. राजसूय यज्ञात भगवान श्रीकृष्णांनी उष्टी काढली, ही कथा आपण कीर्तनातून ऐकत आलो आहो. त्याच यज्ञात अग्रपूजेचा मान भीष्मांनी त्यांनाच देवविला. उष्टी काढणारा हात आणि अग्रपूजा स्वीकारणारा हात एकच असावा, यापेक्षा गुणगौरवाचा चांगला नियम कोणता सांगता येईल?

नेत्याचा गौरव करताना त्याच्या सोबत्यांचा विसर पडतो, हाही एक नेहमीचा दोष आहे. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबार येथे मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हाती तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता त्या दिवशी धारातीर्थी पडला. त्याचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. गुजराती भाषा बोलणाऱ्या घरातला हा मुलगा खानदेशाचा हुतात्मा म्हणून आजही वंदिला जातो, आणि गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांना तर त्याची आठवण विशेष जवळची वाटावी. पण त्या दिवशी पडणारा तो एकटाच नव्हता. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांनीही तेथेच प्राण दिले. नंदुरबारच्या लोकांना ही पाचही नावे ठाऊक आहेत. बाहेरच्या कित्येकांना एकच ठाऊक असते. शिरीषकुमाराला त्यात काही कमीपणा नाही; कमीपणा आपल्या स्मरणशक्तीचा आहे. एकाचे नाव घेतले, की आपले ऋण फिटले असे आपणांस वाटते.

धैर्य आणि नेतृत्व यांतही थोडे अंतर आहे. 1957 साली 2 ऑक्टोबरला दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत रामलीला चालू असता मंडपाला आग लागली. हरिश्चंद्र मेहरा या चौदा वर्षांच्या बालवीराने खांबावर चढून आपल्या चाकूने पेटलेले कापड कापले आणि लोकांना बाहेर पडण्यास वाट करून दिली. त्याचे हात भाजले. मुलांच्या शौर्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार देण्याची प्रथा या घटनेतून सुरू झाली. असे धैर्य क्षणात प्रकट होते. तेथे विचार करण्यास वेळच नसतो. नेतृत्वाला मात्र पुष्कळ दिवस लागतात. इतरांची मने वळवावी लागतात, शंका ऐकून घ्याव्या लागतात, आणि परिणाम काय होईल हे ठाऊक असूनही पाऊल टाकावे लागते.

येथवर ज्यांचा उल्लेख आला, त्यांचा गौरव करताना आज आपणांस काहीच अडचण पडत नाही. राज्य परक्यांचे होते. आगीची बाजू घेणारा तर कोणीच नसतो. खरी कसोटी निराळी आहे. विद्यार्थी जेव्हा वडीलधाऱ्यांनी चालविलेल्या व्यवस्थेकडेच बोट दाखवितो, तेव्हा आपण त्याचा हार तयार ठेवतो काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक दूरदेशीची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. ती मुद्दाम निवडली आहे, कारण ती सर्वस्वी हायस्कूलच्या मुलांनी घडविलेली आहे.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाचा परगणा आहे आणि फार्मव्हिल हे तेथील मुख्य गाव. त्या काळी तेथे गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. काळ्या मुलांसाठी असलेले मोटन हायस्कूल 1939 साली सुमारे 180 विद्यार्थ्यांकरिता बांधले होते. 1951 पर्यंत तेथे साडेचारशेहून अधिक मुले शिकू लागली. शाळेत व्यायामशाळा नव्हती, उपाहारगृह नव्हते, विज्ञानाची प्रयोगशाळाही नव्हती. जागा अपुरी पडू लागली तेव्हा नवी इमारत बांधण्याऐवजी शाळामंडळाने लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोपटी उभी केली. हिवाळ्यात शेगडीजवळची मुले भाजून निघत आणि दूरची मुले अंगातला कोट काढू शकत नसत. पाऊस आला की छप्पर गळे. पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी वारंवार मागणी केली, आणि प्रत्येक वेळी मंडळाने ती पुढे ढकलली.

बार्बरा जॉन्स ही त्या शाळेतील सोळा वर्षांची विद्यार्थिनी. या दुःस्थितीबद्दल तिने आपल्या संगीताच्या शिक्षिकेजवळ तक्रार केली, तेव्हा त्या बाईंनी तिला उलट विचारले, की मग तूच काही का करीत नाहीस? हा प्रश्न मुलीच्या मनात घर करून राहिला. पुढे तिने एकेक करून निवडक विद्यार्थी गोळा केले आणि गुपचूप बेत रचला. 23 एप्रिल 1951 रोजी मुख्याध्यापकांना खोटा दूरध्वनी करून गावात बोलावून घेण्यात आले. त्यांच्या नावाची चिठ्ठी वर्गावर्गांत फिरली. आणि सर्व शाळा सभागृहात जमली. पडदा उघडला, तो व्यासपीठावर मुख्याध्यापक नव्हते, बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना नम्रपणे बाहेर जाण्याची विनंती केली आणि मुलांना सांगितले, की चांगली इमारत मिळेपर्यंत आपण शाळेत बसावयाचे नाही. साडेचारशे मुले तिच्यामागे बाहेर पडली. हा संप सुमारे दोन आठवडे चालला.

त्या मुलांनी वकिलांना पत्र लिहिले. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या दोघा वकिलांनी येऊन त्यांस सांगितले, की नुसत्या इमारतीसाठी आम्ही लढणार नाही. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळाच नकोत, अशी मागणी करण्याची आणि त्याला पालकांची संमती मिळविण्याची तयारी असेल, तर आम्ही तुमच्यासोबत आहोत. मुलांनी आणि पालकांनी ते मान्य केले. एका महिन्यात दावा दाखल झाला. 17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्या ऐतिहासिक निकालात जे पाच दावे एकत्र केले होते, त्यांपैकी एक हा होता, आणि विद्यार्थ्यांच्या संपातून जन्मलेला असा तो एकच होता.

ही कथा वाचताना आम्हांस कठोपनिषदातील नचिकेत्याची आठवण झाली. पित्याने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ आरंभिला होता. दक्षिणा म्हणून ज्या गाई नेल्या जात होत्या, त्या थकलेल्या आणि भाकड होत्या; त्यांचे दूध केव्हाच आटले होते. यज्ञाला मोठमोठे विद्वान जमले असतील, पण हे दिसले ते एका लहान मुलालाच. असल्या दानाने पित्याचे कल्याण होणार नाही, या काळजीने त्याने विचारले, 'बाबा, मला कोणाला देणार?' पुन्हा विचारले, तिसऱ्यांदा विचारले. पिता संतापला आणि म्हणाला, 'तुला मृत्यूला दिला!' फार्मव्हिलची डांबरी कागदाची खोपटी म्हणजे शाळामंडळाने काळ्या मुलांना दिलेल्या भाकड गाईच होत्या. देणाऱ्यांच्या खात्यावर दान लिहिले गेले. घेणाऱ्यांच्या पदरी मात्र काहीच पडले नाही. ती विसंगती प्रौढांना दिसत नव्हती असे नाही, पण ती चारचौघांत उच्चारण्याचे धैर्य एका मुलीने केले.

येथे कोणी विचारील, की खोटा दूरध्वनी आणि खोटी चिठ्ठी यांचे काय? नचिकेत्याने तर सरळ तोंडावर प्रश्न विचारला. शंका रास्त आहे, आणि तिला बगल देऊन गौरव करणे हे साक्षीदाराला शोभणारे नाही. असत्याला आम्ही सत्य म्हणणार नाही. परंतु दोषाची वाटणी करताना हेही लक्षात घेतले पाहिजे, की सरळ मार्गाने केलेले अर्ज मंडळाच्या दप्तरात पडून होते. ज्या दाराची कडी आतून लावलेली आहे, ते दार ठोठावणाऱ्याने मोठा आवाज केला, तर त्या आवाजाचा काही दोष कडी लावणाऱ्याकडेही जातो. मुलांना सत्याने वागावयास शिकवावयाचे असेल, तर सत्य बोलल्यावर ऐकणारे कोणीतरी आहे, असा अनुभव प्रथम त्यांस आला पाहिजे.

या नेतृत्वाची किंमतही स्वस्त नव्हती. बार्बराच्या जिवाला धोका आहे असे पाहून आईबापांनी तिला दूर अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे काकांकडे शिकावयास पाठविले. मुख्याध्यापकांची नोकरी गेली. निकालानंतरही परगण्याच्या अधिकाऱ्यांनी एकत्र शाळा चालविण्याचे नाकारले आणि 1959 पासून 1964 पर्यंत तेथील सर्व सरकारी शाळा बंदच ठेवल्या. गोऱ्यांच्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली; काळ्या मुलांपैकी पुष्कळांची शिकण्याची वर्षे वाया गेली, ती कायमची. आम्हांस हे लिहिताना वाईट वाटते, पण हे लपविले तर मुलांना नेतृत्वाचे खोटे चित्र दाखविल्यासारखे होईल. चांगल्या कामाचे फळ ते करणाऱ्यालाच मिळते असे नाही, आणि त्याचा भार तर अनेकदा अशांवर पडतो, की ज्यांना कोणी विचारलेलेही नसते. म्हणूनच मुलांनी पाऊल उचलल्यावर त्यांना सांभाळण्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांची असते. पाठीवर थाप मारून बाजूला होणे, हा गौरव नव्हे.

बार्बरा पुढे ग्रंथपाल झाली, तिने संसार केला, आणि 1991 साली ती वारली. 2020 साली व्हर्जिनियाने वॉशिंग्टन येथील संसदभवनातील सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा हलविला आणि त्याच्या जागी बार्बरा जॉन्सचा पुतळा देण्याचे ठरविले. गुलामगिरी राखणाऱ्या पक्षाच्या सेनापतीच्या जागी सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीची निवड व्हावी, ही घटना थोर आहे यात शंका नाही. पण तो निर्णय संपानंतर एकोणसत्तर वर्षांनी झाला. एवढ्या उशिराने गौरव करणे कोणालाही जमते. तोवर गौरवमूर्तीचे प्रश्न शांत झालेले असतात. ज्या वर्षी प्रश्न विचारला जातो, त्याच वर्षी प्रश्न विचारणाऱ्या मुलाला जवळ बसवून घेणे, हे कठीण आहे.

आता हा विचार आपल्या सभामंडपात आणून पाहू. समजा, आपल्यापैकी कोणी एका शाळेला संगणक भेट दिले आणि त्यांची नावे फलकावर लागली. नववीतल्या एका मुलीने उठून विचारले, 'काका, यांतले निम्मे संगणक सुरूच होत नाहीत. हे दान कसले?' तर आपण त्या मुलीला पुढल्या वर्षी व्यासपीठावर बोलावू, की तिच्या वडिलांना बाजूला घेऊन मुलीला वळण लावण्यास सांगू? आपल्या महाप्रसादात भांडी घासणाऱ्या बायका शेवटी, थंड झालेल्या भातावर का बसतात, असे एखाद्या वाढप्या मुलाने विचारले, तर आपण त्याला नेता म्हणू, की आगाऊ? या प्रश्नांना आम्ही उत्तर देत नाही. प्रत्येकाने ते आपल्या मनाशी द्यावे. मात्र हेच विद्यार्थी आपल्या गुणगौरवाचे खरे मानकरी आहेत, एवढे आम्ही निश्चयाने म्हणू. आपल्या सोयीचे गुण तेवढे निवडून त्यांना 'नेतृत्व' म्हणणे, हेही भाकड गाईचेच दान आहे.

याचा अर्थ असा नव्हे, की प्रत्येक उद्धट बोलणे म्हणजे नेतृत्व. भेद ओळखण्याची खूण कठोपनिषदातच आहे. यमाने नचिकेत्याला तीन वर दिले. त्या मुलाने पहिला वर मागितला तो हा, की माझ्या पित्याचा राग शांत व्हावा आणि मी परत गेलो म्हणजे त्याने मला प्रेमाने ओळखावे. ज्या पित्याने मृत्यूच्या दारात लोटले, त्याच्याच शांतीची चिंता प्रथम! पुढे यमाने संपत्ती, दीर्घायुष्य, राज्य यांची लालूच दाखविली, तेव्हा ते सारे त्याने नाकारले आणि ज्ञानच मागितले. प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे पाहताना एवढ्या दोनच गोष्टी पाहाव्यात. ज्याला तो प्रश्न विचारतो, त्याचे कल्याण त्याला हवे आहे काय? आणि बक्षीस दाखविल्यावर तो आपला प्रश्न सोडून देतो काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी आले, तर निःशंक मनाने त्याच्या गळ्यात हार घालावा.

यावरून चार साध्या सूचना कराव्याशा वाटतात. मानपत्रात विशेषणांची आरास न करता मुलाने नेमके काय केले, ते दोन ओळींत लिहावे. किती दिवस केले, कोणासाठी केले, हे सांगावे. दुसरे असे, की नायकाबरोबर त्याच्या सोबत्यांची नावेही वाचून दाखवावीत, मग वेळ वाचविण्यासाठी पाहुण्यांचे भाषण थोडे आखडते घ्यावे लागले तरी चालेल. तिसरे, जी मुले व्यासपीठावर येऊ शकत नाहीत, त्यांचा शोध आपण होऊन घ्यावा. आजारी आईचे करून, धाकट्या भावंडांना शाळेत पोहोचवून मग स्वतः शाळेत येणारी मुलगी वक्तृत्वाचा चषक कोठून आणणार? तिचे घर हेच तिचे क्रीडांगण आहे, आणि तेथे ती रोज पाचसहा माणसांचे नेतृत्व करते. चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. ज्या मुलाचा गौरव केला, त्याच्यावर त्याच व्यासपीठावरून एखादे खरे काम सोपवावे. उत्सवाच्या समितीत त्याला बसवावे, खर्चाची वही त्याला दाखवावी, त्याचे मत विचारावे आणि ते पटले तर तसे करावे. शाल चार दिवसांत कपाटात जाते. पण मोठ्यांनी आपल्यावर विश्वास टाकला, ही आठवण मुलाबरोबर जन्मभर राहते.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही एक विनंती आहे. हार मिळाला तर नम्रतेने घ्या आणि प्रसादासारखा सोबत्यांत वाटा. हार मिळाला नाही, तरी हातातले काम टाकू नका. तैत्तिरीय उपनिषदात विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतो, त्यात एक फार मोठ्या मनाची गोष्ट आहे. आमची जी चांगली आचरणे असतील, तेवढीच तू घे, इतर घेऊ नकोस, असे तो सांगतो. आमच्यातही घेऊ नये असे काही असू शकते, हे ज्या परंपरेतला गुरू आपल्या शिष्यासमोर मान्य करतो, त्या परंपरेत तुम्ही जन्मला आहा. म्हणून वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारताना भिऊ नका. मात्र विचारताना त्यांचा हात सोडू नका.

यंदाच्या गुणगौरवाच्या याद्या आता ठिकठिकाणी तयार होतील. त्यांत अधिक गुण मिळविणारे असतील, ते असावेतच. चषक आणणारे असतील, त्यांचेही अभिनंदन. परंतु यादी पुरी करून तिच्यावर सही करण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी एकदा आठवून पाहावे, की गेल्या वर्षभरात आपल्याला अवघड प्रश्न विचारणारे मूल कोण होते. त्याचे नाव यादीत नसेल, तर ते जरूर घालावे. श्रीचरणी प्रार्थना एवढीच, की असे मूल आपल्या प्रत्येक गावी निपजावे, आणि ते निपजल्यावर त्याला ओळखण्याची बुद्धी आपणां सर्वांस व्हावी.